जागा दाखवायची नाही

दादा : कोणी विचारलं का?

बारकी : काय विचारलं का?

दादा : मी कुठे आहे ते.

बारकी : विचारलं ना. दोघांनी.

दादा : दोघांनी. सहा दिवसांत दोघांनी.

बारकी : एक ते जाड चष्म्याचे आजोबा, आणि दुसरा पोस्टमन.

दादा : पोस्टमन गिऱ्हाईक नाही.

बारकी : मग एकाच माणसाने.

दादा : काय सांगितलंस तू?

बारकी : मनगट दुखतंय, चार आठवडे आराम सांगितलाय. ठरलंय तेच.

दादा : माझं मनगट ठणठणीत आहे.

बारकी : मला माहीत आहे. लाँड्रीवाल्या शेठनाही माहीत आहे. त्यांच्याच डोक्यातलं तर आहे हे सगळं.

दादा : त्याचं नाव काढू नकोस. बत्तीस वर्षं मी त्या स्टुलावर बसून रफू करतोय. आणि हा चार लाँड्र्यांचा मालक झाला म्हणून येऊन मला सांगतो, दादासाहेब, तुमच्या दुकानाची किंमत म्हणजे तुमचा उजवा हात. उद्या तो थरथरला तर मी काय विकत घेतलं? दोन दिवे आणि एक आरसा.

बारकी : बरोबरच बोलला.

दादा : तू त्याच्या बाजूने.

बारकी : बाजू कसली त्यात? तो दुकानात अर्धी भागी घेणार, चारही लाँड्र्यांतले फाटके कपडे आपल्याकडे पाठवणार, मागचा गाळा घेऊन देणार. त्याआधी त्याला एवढंच बघायचंय की तू नसलास तरी दुकान चालतं का. आणि ‘हो’ कोण म्हणालं? तूच. बघा म्हणालास, खुशाल बघा चार आठवडे.

दादा : मी म्हणालो, कारण मला वाटलं...

बारकी : काय वाटलं?

दादा : काही नाही.

बारकी : वाटलं की चौथ्या दिवशी मी रडत घरी येईन.

दादा : तिसऱ्या.

वहिनी : चहा घ्या दोघं. गार होतोय.

दादा : काम किती आलं?

बारकी : आधीपेक्षा जास्त.

दादा : जास्त म्हणजे?

बारकी : दीडपट म्हण.

दादा : नवलाई आहे. ओसरेल. आणि दर? माझेच दर घेतेस ना?

बारकी : तुझे दर लिहिलेत कुठे? तू माणसाचं तोंड बघून सांगायचास.

दादा : गरिबाला कमी, ऐटबाजाला जास्त. न्याय होता त्यात.

बारकी : होता. पण वहिनीशी भांडून आलास की त्या दिवशी सगळेच ऐटबाज.

वहिनी : हे मात्र खरं.

बारकी : मी पाटी लावली. नखाएवढं भोक, नाण्याएवढं, तळहाताएवढं. तिन्हींचे तीन दर. आणि पावतीवर तारीख.

दादा : रफूला तारीख?

बारकी : तू परवा या म्हणायचास. माणूस परवा यायचा, तू पुन्हा परवा म्हणायचास. ती एक बाई मुलाच्या लग्नाचा कोट टाकून गेली होती, आठवतेय? न्यायला आली तेव्हा नातू कडेवर होता.

दादा : तो कोट अवघड होता.

बारकी : कोट अवघड नव्हता. तू त्याच्याकडे बघत बसायचास.

दादा : बघावं लागतं. कापड बघितल्याशिवाय सुई लावायची म्हणजे... जाऊ दे. आणि काचेवर काय चिकटवलंयस ते? हिने सांगितलं मला, बाजारातून येताना वाचून आली.

वहिनी : मी वाचलं ते सांगितलं. मला मध्ये घेऊ नका.

बारकी : ‘रफू कुठे केलाय ते शोधून दाखवा. सापडलं तर पैसे परत.’

दादा : गिऱ्हाइकाला जागा दाखवतेस तू?

बारकी : नाही.

दादा : बाबांनी कधी दाखवली नाही. राजाचा कपडा आला असता तरी दाखवली नसती. एकदा बोट ठेवलं की माणसाला जन्मभर तेवढंच दिसतं, कपडा दिसत नाही.

बारकी : मला सांगतोस होय हे? मी त्याच दुकानात बसलेय. जागा दाखवायची नाही, हे मी मोडलेलं नाही. मी फक्त म्हणते, तुम्ही शोधा. भिंग हातात देते, पाच मिनिटं देते.

दादा : आणि सापडली की?

बारकी : एकदाच सापडली. एका शिंप्याला. मी तिथल्या तिथे पैसे परत केले. दुसऱ्या दिवशी तोच चार सूट घेऊन आला.

दादा : तमाशा मांडलायस दुकानात.

बारकी : मांडलाय. काल एका शर्टासाठी सात माणसं डोकी एकत्र करून उभी होती. त्यातल्या तिघांना कपाटातला फाटका कपडा आठवला. आणि तुला सांगू का, पूर्वी लोकांना वाटायचं, आपण फाटलेलं शिवून घेतलं. आता पाच मिनिटं शोधून थकले की त्यांना कळतं, आपण काय करून घेतलं. मग पैसे देताना घासाघीस करत नाहीत.

दादा : एवढं सगळं एकटी करतेस?

बारकी : नर्सबाई येतात ना दुपारच्या. त्या कोपऱ्यावरच्या, निवृत्त झालेल्या. हात एकदम स्थिर. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून रफूला लागणारे धागे काढून द्यायचं काम त्यांच्याकडे दिलंय.

दादा : ते तुझं काम.

बारकी : होतं. अकरा वर्षं तेच केलं. धागे काढ, पावती लिही, दादाला दे.

दादा : परक्या बाईला शिकवतेस. घरातली विद्या.

बारकी : घरातली विद्या घरात तरी कोणाला दिलीत?

दादा : शिकलीसच की तू.

बारकी : शिकले. पण कोणी शिकवली नाही. बाबा टेबलाशी बसले की तुला हाक मारायचे, ‘हात धुऊन ये.’ म्हणजे आज काहीतरी नवीन दाखवणार. रोज तुला. मी तुझ्याआधी हात धुऊन बसायचे, फ्रॉकला पुसून. चुकून मला म्हणाले तर उशीर नको.

दादा : लहान होतीस तू.

बारकी : तू काय आजोबा होतास? चल, निघते. नर्सबाई यायच्या झाल्या. त्यांना पण मी तेच म्हणते. हात धुऊन या.

दादा : ते चष्म्याचे आजोबा. काय म्हणाले नक्की?

बारकी : तब्येत विचारली.

दादा : आणि?

बारकी : आणि पँट टाकून गेले.

\*

वहिनी : अहो, हे काय चाललंय? तो आपल्या लग्नातला कोट आहे.

दादा : माहीत आहे.

वहिनी : आणि तुमच्या हातात ब्लेड आहे.

दादा : तेही माहीत आहे.

वहिनी : पंधरा दिवस घरात बसलात तर ही पाळी आली. अजून पंधरा दिवसांनी माझे शालू फाडाल.

दादा : तू ओरडू नकोस. कोट नाहीतरी होत नाही मला. हा बारीक चौकडीचा आहे, म्हणून काढला. साध्या कापडात कोणीही रफू करेल. चौकडीत रेष रेषेला लागायला हवी. एक धागा सरकला की दिसतं. माझा सरकतो. बाबांचाही सरकायचा.

वहिनी : मग?

दादा : मग तिचाही सरकणार. मी जागा शोधणार. पैसे परत मागणार. आणि ते शेठच्या समोर मागणार.

वहिनी : बहिणीच्या दुकानात.

दादा : माझ्या दुकानात.

वहिनी : तुमच्या पोटात दुखतंय.

दादा : माझ्या पोटात काही दुखत नाही.

वहिनी : मग जळताय, असं सरळ म्हणा. मी काय बाहेर सांगायला जाणार आहे?

दादा : जळतोय. झालं समाधान? काल मी समोरच्या फुटपाथवरून गेलो. ठरलंय की दुकानात पाऊल टाकायचं नाही, म्हणून समोरून गेलो. दुकानात नऊ माणसं. माझ्या वेळी नऊ माणसं एकदाच होती, बाहेर पाऊस होता म्हणून. आणि ती माझ्या स्टुलावर बसली होती. नुसती बसली असती तर चाललं असतं. हसत होती. काम करताना हसत होती. मी बत्तीस वर्षं मान मोडली, मला कधी हसू आलं नाही तिथे.

वहिनी : घरी तरी कुठे आलं?

दादा : चेष्टा नको.

वहिनी : बरं. पण तिला हे कोण नेऊन देणार? तुम्ही?

दादा : खालचे मास्तर. नवीन राहायला आलेत, तिने पाहिलेलं नाही त्यांना. सांगतील, खिळ्याला अडकून फाटला.

वहिनी : मास्तर तयार झाले?

दादा : त्यांच्या दोन शर्टांच्या कॉलर मी उलटवून देणार आहे.

वहिनी : म्हणजे तिथेही फुकट. धंदा म्हणजे काय ते बारकीकडून शिका जरा.

दादा : तू जा आता. मला हे वाईट फाडायचंय. असं फाडतो की सात जन्मांत जुळणार नाही.

वहिनी : मग फाडा की. दहा मिनिटं झाली, नुसता मांडीवर घेऊन बसलाय.

दादा : फाडतोय.

वहिनी : फाडा.

दादा : दिवा लाव जरा. धागा दिसत नाहीये.

वहिनी : फाडायला धागा कशाला बघायचा?

दादा : तू दिवा लाव.

\*

(दुकान. रविवार. शटर अर्धं वर.)

बारकी : डोकं सांभाळ. शटर खाली आहे.

दादा : मला सांगू नकोस. हे शटर मी बसवलंय.

बारकी : चार आठवडे झाले म्हणून सांगितलं. आज कसा आलास? उद्या यायचंय तुला, शेठ अकरा वाजता येणार आहेत.

दादा : सहज. रविवार आहे, बंद असेल, बघावं म्हटलं. स्टूल हलवलंस?

बारकी : उजेडात घेतलं. तू भिंतीकडे तोंड करून बसायचास.

दादा : बाबा बसायचे तसा.

बारकी : बाबांच्या वेळी इथे खिडकी नव्हती.

दादा : आणि हे छोटं स्टूल? टाकून नाही दिलंस?

बारकी : नर्सबाई बसतात. मी बसायचे तिथेच. तुझ्या पिशवीत काय आहे?

दादा : हे? हा खालच्या मास्तरांचा कोट. तूच केलायस म्हणे. मला सहज बघायला दिला.

बारकी : हो का? काय म्हणतायत मास्तर?

दादा : जागा सापडत नाही म्हणतायत.

बारकी : मग झालं. पैसे पोचले.

दादा : मीही बघितलं जरा.

बारकी : जरा म्हणजे किती वेळ?

दादा : चार दिवस.

बारकी : चार दिवस.

दादा : सकाळी गच्चीत, उन्हात. संध्याकाळी दिव्याखाली. भिंग लावून. आतून, बाहेरून. हिलाही बघायला लावलं. ती म्हणते, मला तर नवाच वाटतो, लग्नात घातला असतात तर फोटो बरे आले असते.

बारकी : कोणाच्या लग्नात?

दादा : ...मास्तरांच्या.

बारकी : दादा.

दादा : काय?

बारकी : खिळा इतका समजूतदार नसतो.

दादा : म्हणजे?

बारकी : मास्तर म्हणाले, खिळ्याला अडकला. खिळ्याने फाटतं ते वेडंवाकडं फाटतं. सातच्या आकड्यासारखं नाहीतर इंग्रजी एलसारखं फाडतो खिळा, धागे ओढून ठेवतो, कापड लोंबतं. हा कोट सरळ उभ्या धाग्याने फाटला होता. एका रेषेच्या कडेने. एकही धागा ओढलेला नाही, एकही तुटून हरवलेला नाही. आणि फाटलेला अशा जागी की आतल्या दुमडीत तेच कापड हातभर शिल्लक. एवढ्या प्रेमाने कोण फाडतं?

दादा : तू पहिल्याच दिवशी ओळखलंस?

बारकी : मास्तर पायरी उतरायच्या आत. मी काय फाडलेलं कमी बघितलंय? स्वतः दहा वर्षं फाडलंय. रफूचा सराव करायला कपडा कुठून आणू? नवऱ्याच्या पँटी फाडायचे आणि जोडायचे. त्या माणसाची एक पँट धड राहिली नाही, आणि अजून त्याला माहीत नाही.

दादा : मला वाईट फाडायचा होता.

बारकी : माहीत आहे.

दादा : खरंच वाईट. तू रडावंस असा. मी ब्लेड धरलं, आणि हात आपोआप धागा शोधायला लागला. मी म्हटलं, आडवं ओढ. हाताने ऐकलंच नाही. हिने दिवा लावला आणि मी तो सरळ फाडला, आणि वर म्हटलं, काय अवघड फाडलाय.

बारकी : कशाला पण?

दादा : शेठसमोर जागा दाखवून तुझे पैसे परत मागणार होतो. त्याला कळलं असतं की दुकान म्हणजे मीच. आता खरं सांगू? काल रात्रीपर्यंत माझं ठरलं होतं की सापडो न सापडो, उद्या कुठेही बोट ठेवायचं. ही बघा जागा, म्हणायचं. एकदा बोट ठेवलं की त्याला दिसलीच असती.

बारकी : दिसली असती. मग का नाही ठेवत?

दादा : मला नसती दिसली.

बारकी : आण तो कोट इकडे.

दादा : तुला हसायला काय झालं होतं गं तिथे बसून? मी समोरून बघितलं.

बारकी : बघितलंस म्हणून तर हसत होते.

दादा : काय?

बारकी : तू खांबाच्या मागे उभा होतास. पोट बाहेर दिसत होतं. मी मुद्दाम हसले. बघू दे म्हटलं. अकरा वर्षं मी त्या छोट्या स्टुलावरून तुझी पाठ बघितली, थोडी तू माझी बघ.

दादा : म्हणजे तूही.

बारकी : मीही काय? तू पंधरा-वीस दिवस जळलास तर कोट फाडायला बसलास. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून जळतेय. लग्नात लोक म्हणाले, मुलगी माहेर सोडताना किती रडतेय. मी माहेरासाठी नव्हते रडत. तू त्या आठवड्यात शालीचा रफू शिकणार होतास.

दादा : शाल काही एवढी अवघड नसते.

बारकी : तुला काय माहीत, मला कशी असते ते.

दादा : कधी बोलली नाहीस.

बारकी : बोलले होते. एकदा. तू एका बाईचं जाकीट केलं होतंस, हिरवं. मी म्हटलं, दादा, कुठे केलास ते दाखव ना. तू काय म्हणालास आठवतंय?

दादा : नाही.

बारकी : म्हणालास, जागा गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. मी म्हटलं, मी कुठे गिऱ्हाईक आहे? म्हणालास, मग शिकाऊ पण नाहीस ना.

दादा : असं म्हणालो मी?

बारकी : वर सुईत दोरा ओवून दे म्हणालास. आणि आज एक सांगून टाकते, नाहीतर उद्या शेठसमोर माझं तोंड नीट राहणार नाही. दोघांनी विचारलं म्हणाले ना मी पहिल्या आठवड्यात?

दादा : आजोबा आणि पोस्टमन.

बारकी : खोटं होतं. पहिल्या दिवशी अकरा जण आले, अकराच्या अकरा जणांनी विचारलं. दादा कुठे, दादांचा हात कसा आहे, दादा कधी येणार. एक बाई तर पायरीवरच थांबली, म्हणाली, दादा नाहीत? मग नंतर येते. मी रोज मोजत होते. मोजायचं नाही म्हणायचे आणि मोजायचे. चार आठवड्यांत एक्क्याण्णव माणसांनी विचारलं. तू कोण, हे एकानेही विचारलं नाही.

दादा : एक्क्याण्णव.

बारकी : चेहरा बघ कसा फुलला.

दादा : फुलला बिलला काही नाही. मला सांगितलं का नाहीस?

बारकी : सांगवलं नाही. तू खुर्चीत बसून विचारत होतास, कोणी विचारलं का, कोणी विचारलं का. मला वाटलं, एवढं सगळं याला बाबांनी दिलं, आता हेही मीच नेऊन द्यायचं?

दादा : मी चार आठवडे झोपलो नाही गं. आपल्याला सगळे विसरले म्हणून.

बारकी : माहीत आहे. वहिनीने सांगितलं.

दादा : तरी नाही सांगितलंस.

बारकी : तरी नाही सांगितलं.

दादा : ती पायरीवरची बाई. आली का मग नंतर?

बारकी : आली. तिसऱ्या दिवशी. सगळेच कपडा टाकून गेले शेवटी. एक सोडून.

दादा : कोण?

बारकी : पोस्टमन.

दादा : तो गिऱ्हाईक नाही.

बारकी : नाहीच. आता उद्याचं बोल. शेठ मला काही विचारणार नाहीत. वही बघतील, गर्दी त्यांनी बघितलीच आहे, दोनदा येऊन गेलेत. ते तुला विचारतील. दादासाहेब, खरं सांगा, हिचा हात कसा आहे? तू जे बोलशील त्यावर ते सही करणार किंवा उठून जाणार. नर्सबाईंना मी सांगून ठेवलंय, मंगळवारी यायचं की नाही ते उद्या कळवते.

दादा : खरं सांगितलं तर दुकानाची किंमत वाढते.

बारकी : वाढते.

दादा : आणि माझी?

बारकी : ते मला नाही ठरवता येत. एक्क्याण्णव माणसांनी विचारलं, एवढं मला माहीत आहे. आणि मी ते लपवलं, हेही.

दादा : उद्या मी शेठला सांगेन, हात चांगला आहे. पण ते म्हणायला मला माहीत तर पाहिजे किती चांगला. कोट दे इकडे. जागा दाखव.

बारकी : जागा दाखवत नाहीत.

दादा : बारके.

बारकी : गिऱ्हाईक म्हणूनच पाठवलास ना कोट? मास्तरांच्या हातून, पावती घेऊन?

दादा : पावती फाडून टाक.

बारकी : मग काय म्हणून विचारतोस? मालक म्हणून? मालकाला दाखवायची असाही काही नियम नाही. बाबांनी कधी तुलासुद्धा नाही दाखवली नुसती विचारली म्हणून.

दादा : नाही दाखवली.

बारकी : मग?

दादा : चौकडीत माझी रेष सरकते. एक धागा. बत्तीस वर्षं सरकतेय. लोकांना दिसत नाही, मला दिसते. मला वाटायचं, सगळ्यांचीच सरकत असेल, ते कापडच तसं. चार दिवस मी जागा शोधत नव्हतो नुसता. ती कुठे सरकलीय ते शोधत होतो. कुठेच सरकलेली नाही. तू काय केलंस मला कळत नाही. मला ते येत नाही.

बारकी : पुन्हा म्हण.

दादा : सगळं नाही म्हणणार. येत नाही, एवढं ऐकलंस ना?

बारकी : ऐकलं.

दादा : मग काय करू? बसू कुठे?

बारकी : तिथे नको, तिथे मी बसते. ते छोटं ओढून घे. उजेड अडवू नकोस माझा.

दादा : याचा एक पाय हलतोय.

बारकी : अकरा वर्षं हलतोय. पाठ सरळ ठेवली की हलत नाही.

दादा : बसलो. दे आता कोट.

बारकी : असा नाही देणार.

दादा : आता काय राहिलं?

बारकी : आधी हात धुऊन ये.